आजारी की नुसता म्हातारा

पिंपरीच्या माळावर एकामागून एक कारखान्यांच्या भिंती उठत होत्या, त्या काळात मी अशाच एका कारखान्याच्या दवाखान्यात लघवी तपासण्याचं काम केलं. कागदोपत्री हुद्दा प्रयोगशाळा सहायक असा होता. प्रयोगशाळा म्हणजे दवाखान्यामागची पत्र्याची खोली. तीत एक टेबल, स्पिरिटचा दिवा, काचेच्या नळ्यांची लाकडी घोडी आणि एक मोठी खिडकी. खिडकी मोठी का होती ते वेगळं सांगायला नको. पुढे मी वर्तमानपत्रात गेलो आणि तिथूनच निवृत्त झालो. तरी फराळाला जमलेली मंडळी मला अजून पहिल्याच नोकरीबद्दल विचारतात आणि उत्तर ऐकता ऐकता हातातली करंजी खाली ठेवतात.

कारखान्यात भरती होणाऱ्या प्रत्येकाला लघवी तपासून घ्यावी लागे. बाटली ज्याची त्यानं आणायची. त्यामुळे अत्तराच्या कुपीपासून लोणच्याच्या बरणीपर्यंत काहीही टेबलावर येई. अत्तराच्या कुपीतून आलेल्या लघवीला गुलाबाचा वास येत होता, पण वासाच्या रकान्यात गुलाब लिहिण्याची सोय नव्हती. चिखलीचा एक गडी दुधाची किटली काठोकाठ भरून, झाकणाला फडकं बांधून घेऊन आला. एवढी कशाला आणली, असं विचारलं तर म्हणाला, "नोकरीचं काम हाय, मास्तर. कमी पडाया नको." कोकणातून आलेल्या एकाला निकालाची फिकीर नव्हती. तो पुन्हापुन्हा एवढंच विचारत होता, "बाटली परत मिळेल ना हो? सासूची आहे."

तपासण्या मुख्यतः तीन होत्या. पहिलीत नळीचं वरचं टोक दिव्यावर तापवायचं. लघवी पांढरट गढूळ झाली, तर शरीरानं ठेवून घ्यायचा ऐवज बाहेर पडतो आहे, म्हणजे मूत्रपिंडाची चाळण कुठेतरी फाटली आहे. दुसरी साखरेची. निळ्या औषधात थेंब टाकून उकळायचं. निळं राहिलं तर ठीक, विटेसारखं लाल झालं तर मधुमेह. तिसरी वजनाची, आणि ही हकीकत तिसरीची आहे.

तिसरीसाठी काचेचं एक छोटं तरंगतं यंत्र असे. खाली जड फुगा, वर आकड्यांची बारीक मान. आम्ही त्याला बाहुली म्हणत असू. लघवीनं भरलेल्या उभ्या नळीत बाहुली सोडायची. लघवी दाट असेल तर बाहुली वर उभी राहते, पातळ असेल तर खाली बुडते. साध्या पाण्यात ती शून्यावर राही असं धरू. रात्रभर पाणी न प्यायलेल्या धडधाकट तरुणाच्या लघवीत ती सकाळी पंचविसाच्या वर असायची. कारण मूत्रपिंड हा काटकसरी कारभारी आहे. पाणी मिळत नाही म्हटल्यावर तो आहे ते पाणी आवळून धरतो आणि घाण तेवढी थोडक्या पाण्यात बाहेर काढतो. ज्याला हे जमत नाही, त्याची बाहुली बुडते. मूत्रपिंडं पार कामातून गेलेल्या माणसाची बाहुली दहाच्या आसपास अडकून बसते. मग त्याला तहानलेला ठेवा किंवा विहिरीत बसवा.

ही तपासणी सगळ्यांची होत नसे. फक्त पहारेकऱ्यांची होई, आणि त्याला कारण होतं. कारखान्यातून तांब्याची तार चोरीला गेली. फाटकावरच्या माणसानं जबानी दिली की त्या वेळी मी लघवीला गेलो होतो. चोर पुन्हा आले तेव्हाही तो लघवीलाच गेलेला होता. आमचे डॉक्टर बर्वे मुंबईहून नवेच आले होते आणि त्यांच्याबरोबर एक जाड इंग्रजी पुस्तक आलं होतं. त्यांनी व्यवस्थापकांना सांगितलं, "ज्याची मूत्रपिंडं रात्री पाणी राखत नाहीत, तो फाटक काय राखणार?" व्यवस्थापकांना हा विचार फार आवडला. तेव्हापासून पहारेकरी व्हायचं असेल तर संध्याकाळी कोरडी भाकरी खायची, मग सकाळपर्यंत पाण्याला शिवायचं नाही, आणि बाहुली पंचविसाच्या वर आणून दाखवायची, असा नियम झाला.

पुस्तकातला तो पंचविसाचा आकडा तरुण माणसांवरून काढलेला होता. हे पुस्तकात बारीक अक्षरात छापलेलं होतं आणि बारीक अक्षर आमच्यापैकी कोणी वाचलं नव्हतं. या आकड्यावरून काही पोक्त माणसं 'मूत्रपिंडाचा विकार' असा शेरा घेऊन परत गेली. ती पुढे काय समजून जगली हे मला माहीत नाही. या नोकरीतली तेवढी एक रुखरुख अजून आहे.

मग मोशीचे सोपानराव आले.

सोपानराव मोशीच्या तालमीचे वस्ताद. खांदे दारातून तिरके आत यावेत असे, आणि मिशी बुटाला पॉलिश केल्यासारखी काळी कुळकुळीत. त्यांना पहारेकरी व्हायचं होतं. खाकी कपडे, पितळी बकलाचा पट्टा आणि हातात काठी, हे सगळं त्यांनी मनातल्या मनात आधीच अंगावर चढवलेलं होतं. बरोबर त्यांच्या पत्नी चंद्राबाई होत्या. त्या दाराशी बसल्या आणि आतलं बोलणं ऐकू लागल्या.

"वय?" डॉक्टरांनी विचारलं.

"पंचेचाळीस."

"नक्की?"

"लिवा की. पंचेचाळीसच हाय."

"खरं हाय, डागदर," दारातून चंद्राबाई म्हणाल्या. "गेली कैक वर्सं पंचेचाळीसच ऐकतीया मी."

पहारेकरी पन्नाशीच्या आतला असावा अशी अट होती. डॉक्टरांनी पंचेचाळीस लिहिलं, कोरड्या भाकरीचा नियम समजावला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली घेऊन यायला सांगितलं. रक्तदाब उत्तम होता. छाती ठोकून पाहिली तर डॉक्टरांचीच बोटं दुखली.

दुसऱ्या दिवशी मी बाहुली सोडली आणि ती बुडाली. आकडा आला बारा. डॉक्टरांनी स्वतः वाकून पाहिला. मग ते खुर्चीत बसले आणि ज्या आवाजात डॉक्टर वाईट बातमी सांगतात त्या आवाजात म्हणाले, "सोपानराव, मूत्रपिंडाचा विकार दिसतो."

चंद्राबाई उठून आत आल्या. त्यांचे दीर, सोपानरावांचे थोरले भाऊ, याच दुखण्यानं गेले होते. आधी डोळ्यांखाली सूज, मग पाय, मग सगळं अंग. पुण्याच्या दवाखान्यात सांगितलेला शब्दही हाच होता. त्या एवढंच म्हणाल्या, "ह्येबी सुजून जाणार का?"

डॉक्टर नव्यानं तपासण्याच्या बाजूचे होते. त्यांनी विचारलं, "रात्री पाणी प्यालात?"

"थेंब न्हाई."

"सकाळी?"

"पाणी न्हाई. भोसरीत व्याह्याकडं गूळपाणी घेतलं तेवढंच."

"गूळपाणी म्हणजे पाणीच ना?"

"आसं कसं? ते गूळपाणी. व्याह्याच्या दारावरनं तसंच पुढं आलं तर लेकीला सासरी तोंड दाखवाया जागा राह्यल का?"

"किती घेतलंत?"

"तांब्याभर. आन् वर च्या. बाटली मंग भरली."

"चहा पण?"

"च्या म्हंजे काय पाणी हाय व्हय, डागदर?"

मोशीहून पिंपरीला यायचं तर वाट भोसरीवरून. भोसरीत व्याही. एवढ्या सरळ भूगोलाचा विचार इंग्रजी पुस्तकात नव्हता. डॉक्टर मोठ्यानं हसले, सोपानराव हसले, मीही हसलो. चंद्राबाई हसल्या नाहीत. त्यांनी ऐकलेला शब्द परत घेता येण्यासारखा नव्हता.

या वेळी सोपानरावांना दवाखान्याच्या पडवीतच मुक्कामाला ठेवलं. कंपाउंडरनं त्यांच्या अंथरुणाशेजारी आपलं अंथरूण टाकलं आणि पाण्याचा माठ स्वतःच्या उशाशी घेतला. सकाळी बाहुली सोडली. आकडा आला वीस.

हा आकडा फार गैरसोयीचा होता. बारा असता तर विकार, पंचवीस असता तर नोकरी. वीस म्हणजे अध्ये ना मध्ये. लघवी तापवली तर स्वच्छ. रक्त पुण्याला पाठवून तपासून घेतलं, तेही ठीक आलं. पण रक्तात बिघाड दिसायला बरीचशी चाळण आधीच जावी लागते, त्यामुळे त्यावर भरवसा ठेवता येत नव्हता. डॉक्टरांनी पुस्तक पुन्हा काढलं आणि या खेपेला बारीक अक्षरही वाचलं. मग त्यांनी दोघांना बोलावून घेतलं.

"हे बघा," ते म्हणाले, "माणसाच्या मूत्रपिंडात लाखो बारीक गाळण्या असतात. चाळिशीनंतर त्या हळूहळू मिटत जातात. तिथे जाणारं रक्तही कमी होतं. हा रोग नाही. केस पिकतात तसंच हे. काम चालू राहतं, फक्त पूर्वीसारखी काटकसर जमत नाही. म्हणून म्हाताऱ्या माणसाला रात्री उठावं लागतं. तेव्हा सोपानराव, तुम्ही साठीच्या पुढचे असाल तर हा आकडा ठणठणीत माणसाचा आहे. पण तुम्ही खरंच पंचेचाळीसचे असाल, तर तुम्ही आजारी आहात."

सोपानरावांनी दोन्ही बाजूंचा विचार केला. "आमी आजारी न्हाई," ते म्हणाले, "आन् म्हातारं बी न्हाई."

"दोन्हीपैकी एक व्हावंच लागेल."

"साठी म्हनलं तर पट्टा मिळंल?"

"पट्टा नाही मिळणार. पण वसाहतीत झाडं लावायची आहेत, तिथे माळी पाहिजेत. माळ्याला वयाची अट नाही. फक्त माणूस निरोगी पाहिजे."

वस्ताद आणि झाडांना पाणी घालणार, हे सोपानरावांच्या चेहऱ्याला पटलं नाही. तालमीत पंचवीस पोरं त्यांच्या शब्दावर उठत-बसत होती. म्हाताऱ्याच्या हाताखाली कोण दंड काढणार, असं ते पुटपुटले. पण चंद्राबाईंना पट्ट्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी डॉक्टरांना सरळ विचारलं, "ह्ये आजारी हायती का नुसतं म्हातारं हायती, येवढं सांगा."

"पुस्तकावरून सांगता येत नाही, बाई. साठीतली चांगली धडधाकट माणसं तपासून त्यांचा आकडा किती येतो ते बघायला हवं. यांचा तसाच आला, तर आजार नाही."

"मोशीत हायती की," चंद्राबाई म्हणाल्या. "देवळाच्या पायरीवर रोज बसत्यात. धाडते."

रविवारी सकाळी दोन बैलगाड्या दवाखान्यासमोर सुटल्या. त्यातून मोशीचे आठ म्हातारे उतरले. प्रत्येकाच्या हातात बाटली होती आणि प्रत्येकाच्या डोक्यावर ठेवणीतला फेटा होता. पुढे सोपानरावांचे जुने जोडीदार धोंडिबा होते. त्यांनी आल्या आल्या डॉक्टरांपाशी तक्रार केली, "ह्यो पंचेचाळीस? साहेब, ह्यानं आन् मी एका दिवशी लंगोट बांधलाय! मी सत्तरीकडं निघालो आन् ह्यो वाटंतच बसला व्हय?"

गावात बातमी थोडी वेगळी पोचली होती. पिंपरीच्या दवाखान्यात काचेची बाहुली आहे, ती ज्याची वर राहील तो तरुण, अशी. तेव्हा आठ जणांनी पैज लावली होती. ज्याची बाहुली सगळ्यांत खाली, त्यानं ज्याची सगळ्यांत वर, त्याला खांद्यावर घेऊन गावात शिरायचं. प्रश्न सोपानरावांच्या प्रकृतीचा होता हे गाडी भोसरी ओलांडेपर्यंत कोणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

पहिली बाटली किसनबापूंची. वय विचारलं तर म्हणाले, "ब्याऐंशी आसंल न्हाईतर ब्याण्णव, तुमाला काय बरं दिसतंय ते लिवा." मी बाहुली सोडली. ती आत गेलीच नाही. नळीच्या तोंडाशी तिरकी होऊन राहिली, जणू तिला कोणी वर ढकलत होतं. असा आकडा मी त्याआधी किंवा त्यानंतर पाहिला नाही. बाहेर म्हाताऱ्यांनी शिट्ट्या मारल्या. मी साखरेची तपासणी केली. निळं औषध उकळलं आणि विटेसारखं लालभडक झालं.

डॉक्टर घाबरून बाहेर आले. "आजोबा, चक्कर येते का? सारखी तहान लागते? वजन उतरलंय?"

"मला? गाडीला बैल मी जुंपलंत आज."

तेवढ्यात मला टेबलाच्या पायावरून मुंग्यांची रांग चढताना दिसली. ती थेट किसनबापूंच्या बाटलीकडे चालली होती.

"बापू," मी म्हणालो, "बाटलीत गूळ घातला का?"

"वाईच," किसनबापू म्हणाले. "वजनाला."

दुसऱ्यानं मीठ घातलं होतं. ते विरघळायचं राहून तळाशी बसलं होतं. तिसऱ्याची लघवी पहिलवानाची असावी इतकी झकास होती. ती त्याच्या मुलाची निघाली. "लेकाची आनली," तो म्हणाला. "रगत तर माझंच हाय की." धोंडिबांनी मात्र काहीही न घालता आणली होती, आणि त्याबद्दल ते इतरांना नावं ठेवत होते. वाटेत भोसरीला थांबून उसाचा रस प्यायलो आणि मग बाटली भरली, हे त्यांनी चौथ्यांदा विचारल्यावर सांगितलं.

डॉक्टर भिंतीला टेकून हसत होते. कंपाउंडर हसत होता. म्हातारे एकमेकांच्या बाटल्यांना नाकं लावून, तू काय घातलंस, तू काय घातलंस, असं विचारत होते. मी तोपर्यंत बऱ्याच गंभीर माणसांच्या लघव्या तपासल्या होत्या. इतक्या आनंदी माणसांच्या कधी नव्हत्या.

तेव्हा चंद्राबाई मधे येऊन उभ्या राहिल्या.

"झाली का जत्रा?" त्या म्हणाल्या. "माझ्या कुकवाचा सवाल हाय आन् तुमी गूळ कालवताय? किसनबापू, तुमची सून म्हनती म्हातारा दुधातला गूळ बी मोजून घेतो, आन् हितं मुतात घालाया हुता व्हय? धोंडिबा भावजी, तुमी लंगोटाचं जोडीदार ना? जोडीदार मरतोय का जगतोय ते बगाया आलता, का रस प्याया?"

किसनबापूंनी फेटा काढून मांडीवर घेतला.

"डागदर," चंद्राबाई डॉक्टरांकडे वळल्या, "तुमी मोशीला या. ह्यास्नी मी बगते."

पुढच्या रविवारी सकाळी डॉक्टर आणि मी सायकलींवरून मोशीला निघालो. बाहुली, नळ्या आणि दिवा धोतरात गुंडाळून माझ्या सायकलीच्या कॅरियरवर बांधलेले. भोसरीत एका घरासमोर एक गृहस्थ तांब्या घेऊन वाटेत उभे होते. सोपानरावांचे व्याही. डॉक्टर नको नको म्हणाले. गृहस्थांचा चेहरा पडला. डॉक्टरांनी सायकल भिंतीला लावली आणि ते तांब्याभर गूळपाणी प्यायले. "तपासणी माझी थोडीच आहे," ते मला म्हणाले. चहाही झाला.

मोशीला तालमीसमोरच्या अंगणात काय घडलं होतं ते आम्हाला गेल्यावर कळलं. आदल्या संध्याकाळी चंद्राबाईंनी आठही म्हाताऱ्यांना सोपानरावांसकट तालमीत जेवायला बसवलं होतं. वाढलं ते भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. ठेचा त्यांनी स्वतः वाटलेला. पाणी नाही. तालमीतले माठ त्यांनी ओळीनं आपल्या पायाशी मांडून घेतले आणि त्यांच्यामागे पोतं टाकून त्या बसल्या. म्हाताऱ्यांच्या बायका दारात उभ्या राहून हसत होत्या. तहानलेल्याला पाणी देणं हा धर्म आहे, अशी किसनबापूंनी आठवण करून दिली. धोंडिबांनी कोणाला तरी उचकी लागल्याचं सोंग करायला लावलं. एकही माठ हलला नाही.

सकाळी नऊ बाटल्या रांगेत तयार होत्या. त्यावर चंद्राबाईंचा पहारा होता. आमच्या कारखान्याच्या फाटकावर तसा पहारा मी कधी पाहिला नाही.

मी पाटावर नळी ठेवली. अंगणात तालमीची पोरं, बायका, देवळातला गुरव, असं सगळं गाव जमलं होतं. मी एकेक आकडा मोठ्यानं वाचत गेलो.

"किसनबापू, एकोणीस."

"गुळाबिगर बरं हाय की!" कोणीतरी ओरडलं.

"धोंडिबा, बावीस."

धोंडिबांनी मांडीवर थाप मारली. मग एकवीस. वीस. पुन्हा एकोणीस. पुन्हा वीस. मीठवाल्याचे वीस. मुलाची बाटली आणणाऱ्याचे एकवीस, आणि तो हरखून म्हणाला की लेकाची आणायची गरजच नव्हती. एकाचेही पंचवीस नव्हते. एकाचाही आकडा दहाच्या जवळ नव्हता. सगळ्यांची लघवी तापवली, स्वच्छ. साखर पाहिली, सगळी निळी. ही आठ माणसं अजून औत धरत होती, विहीर शेंदत होती, आणि दोघांनी त्या वर्षी जत्रेत कुस्तीही धरली होती.

"सोपानराव, एकवीस," मी वाचलं.

"बसला!" धोंडिबा ओरडले. "बसला आमच्यात! आरं पंचेचाळीसा, ये की पंगतीला!"

अंगणात एकच गोंधळ झाला. डॉक्टरांनी हात वर करून तो थांबवला. "आजार नाही," ते म्हणाले. "या सगळ्यांचं जसं आहे तसंच यांचं आहे. पण मला कागदावर वय लिहावं लागेल आणि ते सोपानरावांनी स्वतःच्या तोंडानं सांगावं लागेल. पंचेचाळीस लिहिलं तर हा आकडा आजाराचाच ठरतो."

सोपानराव तालमीच्या पायरीवर बसले होते. समोर त्यांची पोरं उभी होती, अंगाला माती लावलेली. ते मिशीवरून हात फिरवत राहिले.

"वैनी, पाणी तरी द्या," किसनबापू म्हणाले. "जीभ टाळूला चिकटली."

"ह्यांनी वय सांगितल्याबिगर माठाला हात न्हाई."

"सोप्या, सांग की रं! मेलो आमी!"

म्हाताऱ्यांनी विनवण्या केल्या, शिव्या दिल्या, डॉक्टरांनी झाडांची आणि मोकळ्या हवेची वर्णनं केली. शेवटी धोंडिबांच्या बायकोला राहवलं नाही. ती दारातून म्हणाली, "आवं भावजी, काय तोंड शिवून बसलाय? तिनं बी काल सांजच्यापासनं थेंब घेतला न्हाई. ठेचा तिनं बी खाल्लाय. तुमच्या आधी पाणी कसं पिऊ म्हनली."

सोपानरावांनी मान वर केली. माठांमागे चंद्राबाई पोत्यावर बसल्या होत्या. ओठ कोरडे पडून फुटले होते. त्या त्यांच्याकडे पाहत नव्हत्या. माठांकडे पाहत होत्या.

सोपानराव उठून उभे राहिले. आखाड्यात उतरताना पहिलवान उभा राहतो तसे.

"लिवा," ते म्हणाले. "बासष्ट."

"सदुसष्ट!" धोंडिबा ओरडले.

"गप रं. बासष्ट."

"पयल्या पलेगात गाव रानात राह्यलं, तवा तू माझी भाकर पळवून खाल्लीस. रांगनारं पोर भाकर पळवतंय व्हय? सहासष्ट!"

"रांगतच पळवली," सोपानराव म्हणाले. "तू तवाबी ढिलाच व्हतास."

"पासष्ट," किसनबापूंनी मधे तोंड घातलं.

"त्रेसष्टावर तोडा," डॉक्टर म्हणाले. त्यांनी कागद माझ्या पाठीवर ठेवून लिहिलं. वय त्रेसष्ट. प्रकृती निरोगी. माळीकामास योग्य.

तालमीची पोरं एकमेकांकडे पाहत होती. मग त्यांच्यातल्या सगळ्यांत दांडग्या गड्यानं पुढे होऊन वाकून वस्तादांच्या पायांना हात लावला आणि म्हणाला, "त्रेसष्टाचं हायसा आन् परवा मला धोबीपछाड मारली? मग आमाला बी शिकवा की ते."

सोपानरावांचा चेहरा कसा झाला ते मला नीट दिसलं नाही, कारण त्या वेळी सगळे चंद्राबाईंकडे वळले होते. त्या उठल्या होत्या.

"डागदर," त्या म्हणाल्या, "म्हंजे सुजून जानार न्हाईत?"

"नाही."

"आजार न्हाई?"

"नाही."

"नुसतं म्हातारं झाल्यात?"

"नुसतं म्हातारं," डॉक्टर म्हणाले.

चंद्राबाईंनी माठातून तांब्या भरला आणि दोन्ही हातांनी सोपानरावांपुढे धरला. "घ्या, म्हातारबा," त्या म्हणाल्या. उभ्या गावानं ते ऐकलं. सोपानरावांनी तांब्या घेतला आणि घोटभर पाणी पिऊन उरलेला तसाच त्यांच्या हातात परत दिला. चंद्राबाईंनी मान मागे टाकून वरून धार धरली. पहिला घोट गेला असेल नसेल, त्यांना हसू फुटलं. ते आवरेना. पाणी हनुवटीवरून, गळ्यावरून, पदरावरून खाली वाहत राहिलं, आणि त्या हसत हसत धार तशीच धरून उभ्या होत्या.